पेटीचा एकच सूर उतरला तर?

आज बचतीच्या वहीऐवजी भजनाच्या पेटीबद्दल बोलूया.

अंबरनाथ, बदलापूरच्या गावांत बहुतेक महिला मंडळांकडे एक पेटी असते. उल्हासनगरच्या सिंधी सत्संगातही ती असतेच. आमच्या गटानं वर्गणी काढून जुनी पेटी घेतली. एका पावसाळ्यानंतर आमच्यातल्या एका ताईंचा आवाज एका ठरावीक जागी वेगळा लागायला लागला. सगळ्या म्हणायच्या, "ताई, तुमचा सूर लागत नाही." ताईंनी हळूहळू यायचंच बंद केलं. पुढे पेटी तपासली, तेव्हा कळलं की ताई बरोबरच गात होत्या. उतरला होता तो पेटीचा गंधार.

पेटीत प्रत्येक स्वराला पितळेची एक पातळ जीभ असते. तिचं एक टोक रिव्हेटनं पक्कं केलेलं असतं आणि दुसरं मोकळं असतं. भात्याची हवा लागली की मोकळं टोक थरथरतं आणि स्वर निघतो. कारागीर या अख्ख्या तुकड्याला 'सूर'च म्हणतात. गुजरातेतलं पालिताणा या सुरांसाठी प्रसिद्ध आहे.

आता एक करून बघा. स्टीलची मोजपट्टी टेबलाच्या कडेला दाबून धरा आणि बाहेरचं टोक टिचकीनं हलवा. मग त्या टोकाला कणकेची छोटी गोळी चिकटवून पुन्हा हलवा. पट्टी सावकाश हलेल. सुराचंही असंच आहे. टोकावर धूळ किंवा हिरवा कळंक बसला की टोक जड होतं, जीभ सावकाश हलते आणि स्वर उतरतो.

दोष शोधताना घाई करू नका. आधी भाता हळू, एकसारखा मारा. फार जोर लावला तरी सूर किंचित उतरतो. मग बिघडलेला स्वर आणि त्याच्या वरच्या सप्तकातला तोच स्वर एकत्र दाबा.

(इथे दोन्ही सूर वाजवून दाखवले.)

ऐकलंत? आवाज सरळ येत नाही, 'वांव-वांव' अशी लहर येते. दोन सुरांत जितकं अंतर जास्त, तितकी लहर भरभर. सूर जुळले की लहर थांबते. पेटीत सुरांच्या दोन ओळी असतील, तर एकेक खुंटी बंद करून दोष खर्जाच्या ओळीत आहे की नराच्या, ते ठरवा. पट्टी दाबल्यावर तिच्यामागचं झाकण पुरतं उचललं जातंय का, तेही पाहा. ते अर्धवट उघडलं तर हवा कमी मिळते आणि चांगला सूरही उतरलेला, दबका वाटतो.

एवढं पाहूनही दोष राहिला, तर स्क्रू काढून सुरांची फळी उचला. कोरड्या, मऊ ब्रशनं रिव्हेटकडून टोकाकडे धूळ झाडा. उलटं झाडू नका, ब्रशचे केस जिभेखाली अडकतात. आणि एक विनंती. पितळ दिसलं की आपला हात चिंचेकडे, पितांबरीकडे जातो. इथे ते अजिबात नको, पाणी नको, तेलही नको. जीभ इतकी पातळ असते की जरा झीज झाली तरी सूर बदलतो.

धूळ काढूनही सूर उतरलेलाच असेल, तर कारागीर जिभेखाली पातळ पत्रा सरकवून टोक अगदी हलकं घासतो. टोक हलकं झालं की सूर चढतो. रिव्हेटजवळ घासलं तर उतरतो. एकदा घासायचं, वाजवून पाहायचं, मगच पुन्हा घासायचं. गेलेलं पितळ परत येत नाही, म्हणून हे काम शिकलेल्या हातानंच करावं.

लावलेला सूर थोड्याच दिवसांत पुन्हा उतरला, तर मुळाशी बारीक चीर असण्याची शक्यता जास्त. ती घासून बरी होत नाही. तो एक सूर बदलायचा. एकच, सगळे नाहीत. आम्हाला एका दुकानात सगळेच सूर बदलायला सांगितलं होतं. आमच्या पेटीचं काम मात्र ब्रश फिरवून आणि एका सुराचं टोक घासून झालं. म्हणून दुकानात जाण्याआधी कोणती पट्टी, कोणती ओळ आणि काय दोष, ते कागदावर लिहून न्या. आपल्याला नेमकं माहीत असलं की उगाच खर्च गळ्यात पडत नाही.

पावसाळ्यात पेटी जमिनीवर ठेवू नका. कोरड्या कापडात गुंडाळून उंचावर ठेवा आणि आठवड्यातून एकदा तरी सगळ्या पट्ट्या वाजवा.

ताईंच्या घरी आम्ही तिघी जाऊन आलो. चूक आमची होती, तसं सांगितलं. गेल्या एकादशीला त्या आल्या आणि पहिला अभंग त्यांनीच म्हटला. तुमच्या मंडळातही कुणी सुराच्या कारणानं मागे बसत असेल, तर तिला काही म्हणण्याआधी एकदा पेटी तपासा.