कळा आणाव्यात, की वाट पाहावी?

गर्भवतीचे दिवस भरत आले म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांची बोटे आपोआप दिवस मोजू लागतात. नऊ महिने नऊ दिवस हा हिशेब आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली तारीख टळली की शेजारीपाजारी चौकशी करू लागतात, माहेरची माणसे धास्तावतात, आणि अशा वेळी डॉक्टर म्हणतात, "उद्या दाखल व्हा, औषध देऊन कळा आणू या." या एका वाक्याने घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "डॉक्टर सांगतात ते करावे, त्यात विचारायचे काय?" दुसरा म्हणतो, "आमच्या वेळी असले काही नव्हते. दिवस भरले की बाळ आपले आपण येते." दोन्ही पक्ष मायेपोटीच बोलत असतात; परंतु जिला निर्णय घ्यावयाचा आहे तिच्या हाती त्यांतून फारसे काही लागत नाही. तिला हवी असते माहिती, आणि तीच येथे देण्याचे योजिले आहे.

तारीख म्हणजे मुदत नव्हे

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवावयाचे, हा नियम नेगेले या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने ओळखला जातो. हे दिवस भरतात २८०, म्हणजे ४० आठवडे. आपल्या आजीबाईंचा हिशेब त्याहून फार दूर नव्हता. मात्र नेमक्या त्या तारखेला जन्मणारी बालके शंभरात चार-पाचच असतात. ३७ आठवड्यांपूर्वी झालेला जन्म अकाली समजला जातो; ३९ ते ४१ आठवड्यांच्या दरम्यानचा काळ बाळाच्या दृष्टीने सर्वांत चांगला मानतात; आणि ४२ आठवडे उलटले की दिवस खरोखरच वर गेले असे समजतात.

ही मोजणी चुकली तर पुढचा सगळा विचार चुकतो. पाळी अनियमित असेल किंवा तिची तारीख नीट आठवत नसेल, तर पहिल्या तीन महिन्यांत केलेली सोनोग्राफी हा गर्भाचे वय ठरविण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग होय. शेवटच्या महिन्यातील सोनोग्राफीने काढलेल्या तारखेत दोन-तीन आठवड्यांचे अंतर सहज पडू शकते. म्हणून "दिवस वर गेले" असे कोणी सांगितले, तर ते कोणत्या आधारावर, हे प्रथम विचारावे.

कळा आणतात म्हणजे काय करतात?

गर्भाशयाचे मुख मऊ होऊन उघडण्याच्या तयारीस लागले आहे की नाही, हे डॉक्टर आधी तपासून पाहतात. सन १९६४ मध्ये एडवर्ड बिशप या अमेरिकन डॉक्टरांनी त्यासाठी गुण देण्याची एक पद्धत सुचविली. मुख किती उघडले, किती पातळ झाले, किती मऊ आहे, कोणत्या दिशेला आहे आणि बाळाचे डोके किती खाली उतरले आहे, अशा पाच गोष्टी तीत पाहतात. एकूण तेरा गुणांपैकी आठाहून अधिक मिळाले तर यश बहुधा येते; गुण कमी असले तर आधी मुख तयार करावे लागते. त्यासाठी मिसोप्रोस्टॉलच्या अल्प मात्रेच्या गोळ्या, प्रोस्टाग्लँडिनचे जेल किंवा टोकाला फुगा असलेली फोलीची नळी वापरतात. त्यानंतर पाणमोट फोडणे आणि सलाईनमधून थेंबाथेंबाने ऑक्सिटोसिन देणे हे पुढचे टप्पे. शरीरात मुळातच असलेले हे संप्रेरक व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी प्रयोगशाळेत तयार केले, आणि १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

या कामी आपल्या नागपूरनेही भर घातली आहे. रक्तदाब वाढलेल्या ६०२ गर्भवतींवर तेथील दोन सरकारी रुग्णालयांत झालेला अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या घेतलेल्यांपैकी शेकडा ५७ स्त्रिया चोवीस तासांच्या आत नैसर्गिक मार्गाने बाळंत झाल्या. फुग्याच्या नळीने हेच प्रमाण शेकडा ४७ होते. याचा दुसरा अर्थही ध्यानी घ्यावा. पुष्कळ जणींना एक दिवस पुरला नाही. कळा आणावयाच्या म्हणजे संध्याकाळपर्यंत मूल हाती येईल, अशी समजूत करून घेऊन रुग्णालयात जाऊ नये.

जेव्हा थांबणे महागात पडते

काही प्रसंगी वाट पाहण्यात शहाणपण नसते. गर्भारपणी रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तर ३७ आठवडे होताच प्रसूती करविणे आईला झटक्यांपासून आणि पुढील अनर्थापासून वाचविते. दिवस भरल्यावर पाणमोट फुटली आणि कळा आल्या नाहीत, तर जंतुसंसर्गाचे भय असते. इन्सुलिन घ्यावे लागणारा मधुमेह, बाळाची खुंटलेली वाढ, मंदावलेली हालचाल, ही कारणेही अशीच गंभीर आहेत. अशा वेळी डॉक्टरांचा सल्ला न मानण्यास फार मोठे कारण हवे.

उलट, वार गर्भाशयमुखावर असेल किंवा बाळ आडवे असेल, तर कळा आणणेच धोक्याचे ठरते. पूर्वी सिझेरियन झालेले असेल, तर ते न विसरता सांगावे. अशा स्त्रीला मिसोप्रोस्टॉल देत नाहीत.

सगळे ठीक असताना

खरा पेच पडतो तो आई व बाळ दोघेही सुखरूप असताना केवळ तारीख उलटली म्हणून. ४१ आठवडे निश्चितपणे पूर्ण झाले असतील तर कळा आणाव्यात, आणि कोणताही दोष नसताना त्यापूर्वी आणू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. स्वीडनमध्ये २,७६० स्त्रियांचे दोन गट करून एकीत ४१ व्या आठवड्याअखेर कळा आणल्या आणि दुसरीत ४२ पर्यंत वाट पाहिली. वाट पाहणाऱ्या गटात सहा बालके दगावली, दुसऱ्या गटात एकही नाही; तेव्हा तो अभ्यास मध्येच थांबविण्यात आला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. हा धोका हजारांत काहींचाच आहे हे खरे, पण तो आठवड्यागणिक वाढतो.

कळा आणल्या की सिझेरियन ठरलेलेच, ही समजूतही तपासून पाहिली पाहिजे. अमेरिकेत सहा हजारांहून अधिक पहिलटकरणींचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ३९ व्या आठवड्यात कळा आणलेल्यांत सिझेरियनचे प्रमाण शेकडा १८.६ होते, तर वाट पाहणाऱ्यांत २२.२. परंतु अशा निष्कर्षांना एक अट असते: रुग्णालयाने धीर धरला पाहिजे. आई व बाळ सुस्थितीत असतील, तर पाणमोट फुटल्यानंतर ऑक्सिटोसिनला बारा ते अठरा तास दिल्यावाचून प्रयत्न फसला असे म्हणू नये, असे तेथील तज्ज्ञ सांगतात. आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खाजगी रुग्णालयांतील शेकडा ४७ प्रसूती सिझेरियनने झालेल्या आढळल्या, सरकारी रुग्णालयांतील १४. म्हणून, "किती वेळ वाट पाहाल?" हा प्रश्न आपल्याकडे विशेष अगत्याचा आहे.

अमावास्या टाळण्यासाठी, मुहूर्त साधण्यासाठी किंवा कोणाची रजा संपत आली म्हणून ३९ आठवड्यांपूर्वी कळा आणविणे मात्र सर्वथा गैर. अशा बालकांना श्वासाचा त्रास होण्याचा संभव अधिक असतो. घरी बोलावलेल्या माणसाकडून कळांची सुई टोचून घेणे तर त्याहून घातक. ऑक्सिटोसिनची मात्रा बेताबाहेर गेली तर कळांमध्ये उसंत राहत नाही, बाळाचा प्राणवायू तुटतो, क्वचित गर्भाशय फाटतो. हे औषध दिलेल्या स्त्रीला क्षणभरही एकटे सोडू नये, असा दंडक आहे. घरगुती एरंडेलही जुलाब आणि अशक्तपणा आणते. डॉक्टरांना विचारल्यावाचून ते देऊ नये.

नकार दिल्यास

कळा आणू नका असे सांगण्याचा अधिकार स्त्रीला आहे. पण नकार म्हणजे घरी स्वस्थ बसणे नव्हे. ४१ आठवड्यांनंतर थांबावयाचे तर आठवड्यातून दोनदा तरी बाळाच्या ठोक्यांचा आलेख आणि गर्भजलाची तपासणी करवावी. बाळाच्या हालचालींकडे रोज लक्ष द्यावे, आणि त्या नेहमीपेक्षा मंदावल्या तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालय गाठावे. रुग्णालयापासून दहा मिनिटांवर राहणारी स्त्री आणि पावसाळ्यात नदी ओलांडून यावे लागणारी स्त्री यांचे थांबणे सारखे नसते. जिला तपासणीची सोय जवळ नाही, तिने हा फरक मनाशी नीट तोलून पाहावा.

सल्ला मिळाल्यावर डॉक्टरांना पुढील गोष्टी मोकळेपणाने विचाराव्यात:

कारण कोणते? ते माझ्या प्रकृतीत आहे, बाळाच्या, की केवळ तारखेत?
तारीख कशावरून ठरविली?
गर्भाशयमुख तयार आहे का? कोणता उपाय वापराल?
आणखी तीन-चार दिवस थांबले तर काय धोका, आणि त्या काळात तपासणी कशी होईल?
प्रयत्न फसला तर पुढे काय? सिझेरियनची सोय येथेच आहे का?
वेदना कमी करण्याचा काही उपाय येथे मिळेल का?

शेवटचा प्रश्न विचारण्यास संकोच करू नये. औषधाने आणलेल्या कळा अनेक जणींना अधिक तीव्र वाटतात.

निर्णय कोणाचा?

आपल्या घरांतून या प्रश्नांची उत्तरे बहुधा पती ऐकतो, सासू ठरविते आणि कागदावर सही तिसराच कोणी करतो. सन २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट केले की, तातडीचा प्रसंग नसताना सज्ञान आणि शुद्धीवर येऊ शकणाऱ्या स्त्रीच्या वतीने तिच्या आईने दिलेली संमतीही पुरेशी नाही. संमती तिचीच हवी, आणि तीही पुरेशी माहिती मिळाल्यानंतरची. तेव्हा घरच्यांनी तिच्याबरोबर जावे, डॉक्टरांचे म्हणणे ऐकावे, तिला न समजलेले विचारून घ्यावे. उत्तर मात्र तिला देऊ द्यावे.

हे संभाषण कळा सुरू झाल्यावर, मध्यरात्री, दारात रिक्षा उभी असताना होऊ शकत नाही. आठवा महिना संपता संपता, सर्वजण शांत असताना ते घडवून आणावे. माता-बाल संरक्षण कार्ड, पहिल्या सोनोग्राफीचा कागद आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक एका पिशवीत ठेवावा. पुढे कळा आपोआप येवोत की आणाव्या लागोत, ती स्त्री रुग्णालयाच्या पायऱ्या चढेल ती आपल्याला काय होणार आहे आणि का, हे जाणून.