चाळिशी आणि निरांजन

खरे सांगायचे तर मी त्राटकाकडे वळलो ते अध्यात्मासाठी नव्हे, चाळिशी उतरवण्यासाठी! बावन्नावे वर्ष लागले आणि चष्म्याचा नंबर पुन्हा वाढला. कुणीसे छातीठोकपणे सांगितले, "रोज निरांजनाकडे टक लावून बसा, चष्मा माळ्यावर जाईल." मी उतावळा, चष्मा त्याच दिवशी कपाटात ठेवून दिला.

त्राटक हे काही आजकालचे खूळ नव्हे. स्वात्मारामांच्या 'हठयोगप्रदीपिके'त धौती, बस्ती, नेती यांच्याबरोबर सहा शुद्धिकर्मांत त्याची गणना आहे, आणि त्याने नेत्ररोग हटतात असेही तिथे म्हटले आहे. रीत सोपी. पंखा बंद करायचा, ज्योत डोळ्यांच्या रेषेत हातभर अंतरावर ठेवायची आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत पापणी न लववता पाहायचे; मग डोळे मिटायचे.

पंधराव्या रात्री आईला खोकल्याची उबळ आली. मी ऐटीत बाटली काढून चमचा भरला. चमचा आईच्या ओठांशी गेला आणि आमची ही ओरडली, "अहो, हे सांधेदुखीचे तेल!" वासाने वाचवले.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझी चांगलीच हजेरी घेतली. "वयाबरोबर डोळ्यातले भिंग ताठर होते. ज्योतीकडे पाहून ते मऊ होत नाही. मिटल्या डोळ्यांपुढे ज्योत तरळते तो चमत्कार नव्हे. दृष्टिपटल तेवढ्यापुरते थकलेले असते. काचबिंदू असणाऱ्यांनी आधी विचारावे, आणि सूर्याकडे तर कुणीच टक लावू नये!"

चष्मा मुकाट्याने नाकावर आला. निरांजन मात्र मी सोडले नाही. कारण त्या पंधरा दिवसांत एक गोष्ट ध्यानात आली होती. डोळे ज्योतीवर असत आणि मन कचेरीत, नाहीतर घराच्या हप्त्यात! चित्त एका जागी बांधणे याला पतंजलींनी धारणा म्हटले आहे. नजर हा नुसता खुंटा. पण खुंटा असला म्हणजे गाय कधी सुटली ते तरी कळते.

त्या रात्री डोळ्यांवर चष्मा नव्हता हे खरेच. पण बाटली हातात असताना मी मनातल्या मनात उद्याच्या हप्त्याची बेरीज करीत होतो, हेही तितकेच खरे. त्यावर कुठल्याच नंबरचा चष्मा नाही.

आता आईचे औषध मी चष्मा लावून देतो. आणि देताना दुसरे काहीही करीत नाही.