तुटलेल्या तारांचा माग : जुन्या पोर्टेबल जनरेटरची दुरुस्ती

अनेक वर्षे गोदामात पडून राहिलेला लहान जनरेटर बाहेर काढला जातो, तेव्हा त्याचे इंजिन बहुधा फारसे बिघडलेले नसते. कार्ब्युरेटर साफ केला, नवा प्लग बसवला आणि ऑइल बदलले की ते दोरी ओढताच सुरू होते, परंतु सॉकेटमध्ये वीज मात्र येत नाही. झाकण उघडल्यावर कारण दिसते. काही तारा उंदरांनी कुरतडलेल्या असतात, काही तांब्यासाठी कापून नेलेल्या असतात, तर काही आधीच्या कारागिराने सोडवून तशाच मोकळ्या ठेवलेल्या असतात, आणि कोणती तार कोठे जोडलेली होती हे सांगणारा नकाशा कोणाकडेच नसतो. अशा यंत्राच्या मालकाला एकतर रिवाइंडिंग करून घ्या किंवा ते भंगारात द्या, असा सल्ला मिळतो. वास्तविक आतील वाइंडिंग, म्हणजे तांब्याच्या तारेची वेटोळी, शाबूत असतील तर जोडणीचा हरवलेला नकाशा निव्वळ मोजमापाने पुन्हा तयार करता येतो. कारण प्रत्येक वेटोळ्याचा रोध, त्याच्या तारेची जाडी आणि त्यात निर्माण होणारा विद्युत दाब या तीन गोष्टी मिळून त्याची ओळख पटवून देतात.

महाराष्ट्रात अशी यंत्रे पुष्कळ आहेत, यालाही कारण आहे. जपानी तंत्रज्ञानावर बेतलेले, पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारे श्रीराम-होंडा, बिर्ला-यामाहा यांसारखे लहान जनरेटर एकेकाळी दुकानांत, दवाखान्यांत आणि मंगल कार्यालयांत सर्रास दिसत असत. २००५ मध्ये राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण स्थापन झाली, त्या सुमाराच्या वर्षांत भारनियमन तीव्र झाले आणि या यंत्रांची गरज आणखी वाढली. पुढे वीजपुरवठा सुधारला, घरोघरी इन्व्हर्टर आले, रॉकेल मिळणे कठीण झाले आणि जनरेटर माळ्यावर किंवा गोदामात गेले. तरीही शेतातील काम, यात्रेतील दुकान, गणेशोत्सवाचा मांडव किंवा पुरानंतर कित्येक दिवस अंधारात राहिलेले गाव अशा ठिकाणी त्यांचा उपयोग आजही संपलेला नाही.

यंत्राच्या पोटात काय असते

चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले तर त्यात ठेवलेल्या तारेत विद्युत दाब निर्माण होतो, हे मायकेल फॅरेडे याने १८३१ मध्ये दाखवून दिले आणि आजचा प्रत्येक जनरेटर त्याच तत्त्वावर चालतो. लहान जनरेटरमध्ये फिरणारा भाग, म्हणजे रोटर, हा विद्युत चुंबक असतो आणि त्याच्याभोवती स्थिर असलेल्या भागात, म्हणजे स्टेटरमध्ये, वीज निर्माण करणारी वाइंडिंग बसवलेली असतात. रोटरला दोन ध्रुव असतील तर त्याच्या एका फेरीत विजेचे एक आवर्तन पूर्ण होते. त्यामुळे सेकंदाला ५० आवर्तने, म्हणजे ५० हर्ट्झ वारंवारता, मिळवण्यासाठी इंजिनाला मिनिटाला ३,००० फेरे घ्यावे लागतात.

रोटरला चुंबक बनवणारा प्रवाह प्रथम येतो कोठून, हा यातील कळीचा प्रश्न आहे. रोटरच्या लोखंडात आधीच्या वापरातून थोडेसे चुंबकत्व शिल्लक राहिलेले असते, त्याला अवशिष्ट चुंबकत्व म्हणतात; त्यामुळे स्टेटरमध्ये अगदी थोडा दाब निर्माण होतो, तोच दाब रोटरला प्रवाह पुरवतो, त्याने चुंबक बळावतो, दाब आणखी वाढतो आणि काही क्षणांत यंत्र पूर्ण दाबावर येते. या क्रियेला स्वयं-उत्तेजन म्हणतात. १८६६-६७ च्या सुमारास व्हेर्नर सीमेन्स, चार्ल्स व्हीटस्टन आणि सॅम्युअल व्हार्ली हे स्वतंत्रपणे या तत्त्वापर्यंत पोहोचले होते. वायरिंग हरवलेल्या जनरेटरमध्ये नेमकी हीच साखळी तुटलेली असते, म्हणून दुरुस्तीचा अर्थ ती साखळी योग्य क्रमाने पुन्हा जोडणे असा होतो.

ही साखळी दोन प्रकारे बांधलेली आढळते. पहिल्या प्रकारात रोटरच्या टोकाशी तांब्या-पितळेच्या दोन कड्या, म्हणजे स्लिप रिंग, असतात, त्यांवर दोन कार्बन ब्रश टेकलेले असतात आणि त्यांच्यामार्फत रोटरला प्रवाह देण्याचे काम एव्हीआर नावाचा ठोकळा करतो. एव्हीआर म्हणजे दाब आपोआप स्थिर राखणारे उपकरण. दुसऱ्या प्रकारात ब्रश नसतात. स्टेटरमधील एका जादा वाइंडिंगवर कॅपॅसिटर, म्हणजे कारागिरांच्या भाषेतील कंडेन्सर, जोडलेला असतो आणि रोटरवरच डायोड बसवलेले असतात. मागील झाकण काढल्याबरोबर यंत्र कोणत्या प्रकारचे आहे ते कळते, आणि पुढील सर्व काम त्यावर अवलंबून असते.

सहा टोकांची ओळख

साधारण २ केव्हीए क्षमतेच्या, एव्हीआर असलेल्या सिंगल-फेज यंत्राचे उदाहरण घेतले तर स्टेटरमधून बहुधा सहा टोके बाहेर येतात : दोन मुख्य वाइंडिंगची, दोन एव्हीआरला वीज पुरवणाऱ्या उत्तेजन वाइंडिंगची आणि दोन १२ व्होल्ट बॅटरी चार्ज करणाऱ्या वाइंडिंगची. उरलेल्या तारांच्या रंगावर विसंबून राहणे योग्य नव्हे, कारण भारतीय घरातील वायरिंगचे रंग आणि जपानी किंवा चिनी बनावटीच्या यंत्रातील रंग यांचा मेळ बसत नाही, शिवाय मधल्या काळात कोणीतरी हाती येईल ती तार वापरलेली असण्याचा संभव असतो. म्हणून प्रत्येक टोकाला एक ते सहा असा क्रमांक चिठ्ठीवर लिहून बांधावा, एव्हीआर पूर्णपणे सोडवून ठेवावा आणि मल्टिमीटर ओहमच्या सर्वांत लहान पट्टीवर ठेवून दोन-दोन टोके तपासावीत.

सहा टोकांच्या एकूण १५ जोड्या होतात. वाइंडिंग निर्दोष असतील तर त्यांपैकी फक्त तीन जोड्यांमध्ये सलगता, म्हणजे कंटिन्युटी, मिळते. बाकीच्या १२ जोड्यांत आणि कोणत्याही टोकापासून यंत्राच्या लोखंडी अंगापर्यंत ती मिळता कामा नये. तीनपेक्षा कमी जोड्या मिळाल्या तर एखादे वाइंडिंग आत तुटलेले आहे आणि जास्त मिळाल्या तर दोन वाइंडिंग एकमेकांना चिकटली आहेत किंवा मुळातच आतून जोडलेली आहेत, असे समजावे. सापडलेल्या तीन जोड्यांमध्ये मुख्य वाइंडिंगची तार जाड असून तिचा रोध सर्वसाधारणपणे एक ओहमच्या आसपास असतो. उत्तेजन वाइंडिंगची तार बारीक असते आणि तिचा रोध बहुधा थोडा अधिक भरतो. बॅटरीच्या वाइंडिंगला वेढे थोडे असल्यामुळे त्याचा रोध सर्वांत कमी, अर्ध्या ओहमच्याही खाली असतो. इतके लहान आकडे वाचताना मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध वजा करावा लागतो. त्यासाठी दोन्ही टोके एकमेकांना टेकवून येणारा आकडा आधीच टिपून ठेवावा. रोटरचा रोध दोन स्लिप रिंगांमध्ये मोजायचा असतो आणि तो अनेक यंत्रांत ५० ओहमच्या आसपास मिळतो. तेथे सलगता मिळालीच नाही तर रोटरचे वाइंडिंग तुटलेले आहे आणि ते पुन्हा भरून घेतल्याखेरीज गत्यंतर नाही.

रोध मोजल्यानंतर निरोधनाची, म्हणजे तांब्यावरील विजेला अडवणाऱ्या आवरणाची, परीक्षा ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे निरोधनाचा रोध मोजणाऱ्या मीटरने, घ्यावी. त्या वेळी एव्हीआर, डायोड आणि कॅपॅसिटर सोडवलेले असले पाहिजेत, अन्यथा ते जळतात. अंगाशी मिळणारा रोध एक मेगाओहमपेक्षा कमी आला तर ओल धरलेली असण्याची शक्यता मोठी असते, आणि वाइंडिंग उन्हात किंवा दिव्याच्या उष्णतेत वाळवल्यावर पुष्कळदा तो आकडा सुधारतो.

अंदाजाची पडताळणी

रोधावरून काढलेला निष्कर्ष फिरत्या यंत्रावर तपासून घेता येतो. सर्व टोके वेगळी आणि झाकलेली ठेवून इंजिन नेहमीच्या वेगाने चालवले तर अवशिष्ट चुंबकत्वामुळे मुख्य वाइंडिंगवर दोन-चार व्होल्ट दिसतात. त्यानंतर ब्रशांच्या दोन तारांना १२ व्होल्टची बॅटरी जोडली तर ५० ओहमच्या रोटरमधून सुमारे पाव अँपिअर प्रवाह जातो आणि मुख्य वाइंडिंगवरील दाब एकदम कित्येक पटींनी वाढतो. येथून पुढे ती टोके जीवघेणी असतात, याचे भान सुटता कामा नये. एकाच चुंबकीय क्षेत्रात असलेल्या वाइंडिंगमधील दाब त्यांच्या वेढ्यांच्या प्रमाणात असल्यामुळे ज्यावर सर्वांत कमी, म्हणजे मुख्य दाबाच्या जेमतेम पंधराव्या-विसाव्या भागाइतका दाब मिळतो, ते बॅटरीचे वाइंडिंग हे निश्चित होते. मुख्य वाइंडिंग दोन समान भागांत विभागलेले असेल तर दोन्ही भागांवर सारखाच दाब येतो. ते भाग एकापुढे एक जोडल्यावर दाबांची बेरीज झाली तर जोडणी बरोबर आहे, आणि दाब शून्याजवळ गेला तर एका भागाची टोके उलटवावी लागतात.

आता एव्हीआर जोडता येतो. त्याच्या तारांचे तीन गट असतात : उत्तेजन वाइंडिंगकडून वीज घेणाऱ्या तारा, ब्रशांकडे एकदिश प्रवाह नेणाऱ्या तारा आणि मुख्य वाइंडिंगवरचा दाब एव्हीआरला कळवणाऱ्या तारा. यांतील तिसरा गट सर्वांत महत्त्वाचा मानला पाहिजे, कारण तो तुटलेला असेल तर दाब शून्य असल्याचे समजून एव्हीआर रोटरला जास्तीत जास्त प्रवाह देत राहतो, सॉकेटमधील दाब २३० व्होल्टच्या बराच पुढे जातो आणि त्यावर लावलेला टीव्ही किंवा पंप जळून जातो. वीज न देणाऱ्या यंत्रापेक्षा अशी अर्धवट जोडणी कितीतरी घातक असते. सर्व जोडण्या बरोबर दिसत असूनही दाब उभा राहत नसेल तर अवशिष्ट चुंबकत्व नष्ट झालेले असते किंवा ब्रशांच्या तारा उलट झालेल्या असतात. अशा वेळी एव्हीआर सोडवून बॅटरीचा प्रवाह योग्य दिशेने काही सेकंद दिला की लोखंड पुन्हा चुंबकित होते.

कंडेन्सरच्या यंत्रात काम सोपे असते, कारण कंडेन्सर फक्त उत्तेजन वाइंडिंगच्या दोन टोकांना जोडायचा असतो. मात्र त्यावर लिहिलेली मायक्रोफॅराडमधील क्षमता मूळ कंडेन्सरइतकीच हवी, कारण ती बदलली की सॉकेटमधील दाबही बदलतो. हात लावण्यापूर्वी त्यातील साठलेली वीज उतरवणे आवश्यक असते.

इंजिनाच्या बाजूला एक तार विशेष लक्ष देण्यासारखी असते. ठिणगी पाडणाऱ्या कॉइलपासून निघालेली ही तार यंत्र बंद करण्याच्या बटनाकडे आणि अनेक यंत्रांत ऑइलची पातळी पाहणाऱ्या सेन्सरकडे जाते. ती लोखंडी अंगाला टेकली की ठिणगी थांबते आणि इंजिन बंद पडते. त्यामुळे ही तार कुरतडली जाऊन अंगाला चिकटली असेल तर इंजिन सुरूच होत नाही, आणि तुटून लोंबकळत असेल तर सुरू झालेले इंजिन बटनाने बंद होत नाही.

जोडणी आणि सुरक्षितता

२ केव्हीएचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह देते, म्हणून मुख्य जोडणीसाठी आयएस ६९४ या भारतीय मानकाप्रमाणे बनलेली २.५ चौरस मिलिमीटरची, अनेक बारीक धाग्यांची तांब्याची वायर पुरेशी ठरते. एकसंध जाड तार येथे वापरू नये, कारण इंजिनाच्या कंपनाने ती स्क्रूजवळ तुटते. सायलेन्सरजवळून जाणाऱ्या वायरीवर उष्णता सोसणारी काचतंतूंची स्लीव्ह घालावी आणि प्रत्येक टोकाला थिंबल दाबून बसवावे. नुसता पीळ देऊन त्यावर टेप गुंडाळणे म्हणजे पुढच्या बिघाडाची तयारी होय. सॉकेटची अर्थ पिन यंत्राच्या अंगाला आणि अंग जमिनीतील अर्थिंगला जोडलेले असावे. काम झाल्यावर प्रथम एक बल्ब आणि नंतर १,००० वॉटची इस्त्री लावून दाब २२० ते २४० व्होल्टच्या दरम्यान आणि वारंवारता ५० हर्ट्झच्या जवळपास राहते का ते पाहावे. दाब कमी पडतो म्हणून इंजिनाचा वेग वाढवत नेणे चुकीचे आहे.

घराच्या वायरिंगला जनरेटर जोडायचा असेल तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच अपरिहार्य आहे. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर सॉकेटमध्ये खुपसण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते, परंतु तशा जोडणीत जनरेटरचा २३० व्होल्टचा दाब रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलट जाऊन ११ केव्हीच्या वाहिनीवर हजारो व्होल्टच्या रूपाने उतरू शकतो, आणि वीज बंद आहे या विश्वासाने खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव त्यात जाऊ शकतो. तसेच इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा रंग किंवा वास नसलेला विषारी वायू असल्यामुळे यंत्र बंद खोलीत, जिन्याखाली किंवा खिडकीलगत कधीही चालवू नये.

फिरत्या यंत्रावरची मापे आणि घराशी जोडणी ही कामे परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावीत. मालकाने मात्र एक गोष्ट आग्रहाने मागून घ्यावी : दुरुस्ती संपल्यावर प्रत्येक तारेचा क्रमांक, तिचा मोजलेला रोध आणि ती कोठे जोडली आहे हे दाखवणारी आकृती कागदावर काढून, प्लास्टिकच्या पाकिटात घालून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावी. नकाशा नसल्यामुळेच कित्येक चांगली यंत्रे भंगारात गेली आहेत, आणि तो तयार करायला एक कागद व अर्धा तास पुरतो.