उपसलेलं कुंड

भाताची झोडणी उरकली, पोती घरात लागली की आमच्या टोकावड्यात बायकांच्या बोलण्यात गुडघे येतात. आषाढात चिखलात वाकून लावणी केलेली असते, दिवाळीच्या आगेमागे वाकून कापणी. शेतात असताना दुखण्याकडे कोणी बघत नाही. काम संपलं की ते उठून बसतं. त्यात माळशेजच्या पायथ्याची थंडी. मग ओटीवर कोणीतरी वज्रेश्वरीचं नाव काढतं. देवीचं दर्शनही होईल आणि कुंडात अंगही शेकेल.

सासूबाईंना घेऊन मी निघाले ती मुरबाड, कल्याण, भिवंडी अशा एसट्या बदलत. वज्रेश्वरीचं देऊळ टेकडीवर, किल्ल्यासारखा दरवाजा, वर जायला दगडी पायऱ्या. वसईच्या मोहिमेवर असताना चिमाजी अप्पांनी या देवीला नवस केला आणि १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर देऊळ बांधवलं, असं इथे सांगतात. देवळापासून अकलोलीची गरम पाण्याची कुंडं चालत जाण्याइतक्या अंतरावर, तानसा नदीच्या काठाला आणि काही तर पात्रातच. आमच्या शेजारच्या शहापूर तालुक्यात १८९२ साली धरण बांधून याच नदीचं पाणी मुंबईकडे वळवलं. खाली अकलोलीत मात्र जमिनीतलं पाणी वेगळ्याच हिशेबाने वर येतं. पावसाळ्यात नदीला पूर आला की पात्रातली कुंडं गढूळ लोंढ्याखाली जातात. पाणी ओसरलं की तीच कुंडं गाळाने भरून पुन्हा दिसू लागतात.

आम्ही नदीजवळच्या एका घरात उतरलो. मागे दोन खोल्या भाड्याने देतात. घरातल्या काकूंनी आधी सासूबाईंचे पाय पाहिले आणि मग भाड्याचं बोलल्या. आसपासच्या लॉजमध्ये गरम पाणी नळाने न्हाणीघरात आणलेलं असतं. दार लावून एकट्याने बसता येतं. काकूंचं म्हणणं, आजारी माणसासाठी ते ठीक, पण चालता येत असेल तर कुंडावरच जा. रात्री त्यांनी तांदळाच्या भाकऱ्या, कडव्या वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी वाढली. वाढताना सूचनाही चालूच होत्या. पोटभर जेवून कुंडात उतरायचं नाही, म्हणून आंघोळ पहाटे. बीपीची गोळी चालू असेल तर जास्त वेळ बसायचं नाही. जखम असेल तर अजिबात नाही. पायातली जोडवी काढून ठेवायची, कारण या पाण्याला गंधकाचा वास आहे आणि त्यात चांदी काळी पडते.

पहाटे कुंडावर पोचलो तर आत पाणीच नव्हतं. कुंड उपसायला काढलं होतं.

एवढ्या जवळून हे काम मी आधी पाहिलं नव्हतं. दोन माणसं गुडघ्यापर्यंत पँट दुमडून आत उतरली होती. तळाच्या भोकातला चिंध्यांचा बोळा काढलेला, पाणी पाटाने नदीकडे वाहत होतं. पाणी घोट्याखाली आल्यावर कडेच्या दगडांवरचं हिरवं, बुळबुळीत शेवाळ दिसू लागलं. ऊब आणि ऊन दोन्ही मिळाल्यावर ते भराभर वाढतं, आणि पाय घसरतो तो त्याच्यावरच. एकजण खराट्याने पायऱ्या घासत होता, दुसरा वाकून तळातला कचरा टोपलीत भरत होता. शाम्पूच्या पुड्या, साबणाचे विरघळलेले तुकडे, नारळाच्या शेंड्या, निर्माल्य, एक अख्खा परकर. आंघोळ झाल्यावर जुना कपडा इथेच सोडून जायची काहींची समजूत असते. भिजून जड झालेला तो कपडा उचलताना त्या माणसाची पाठ ज्या तऱ्हेने वाकली, ती वाक माझ्या ओळखीची होती. लावणीची.

तेवढ्या वेळात तळ निवांत बघता आला. दगडांच्या फटींतून पाणी उसळत होतं, मध्येच बुडबुडे येत होते. इथे ज्वालामुखी नाही. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड ज्या लाव्हाने घडवला, तो थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली. पावसाचंच पाणी भेगांमधून खोल जातं. जमिनीत जितकं खाली जावं तितकी उष्णता वाढते, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी. तिथे तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेने लवकर वर आलं की निवायला सवड मिळत नाही. सातिवली, गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, तुरळ, राजापूरचं उन्हाळे अशी या झऱ्यांची ओळ सबंध कोकणात पसरली आहे. अकलोली-गणेशपुरीच्या झऱ्यांचं पाणी पन्नास अंशांच्या आसपास असतं.

बोळा पुन्हा घट्ट बसवला आणि कुंड भरू लागलं. आत जायला लोकांची घाई, पण खराटेवाल्याने कोणाला उतरू दिलं नाही. नुकतं भरलेलं कुंड सगळ्यात कडक असतं. पाणी काही वेळ उघड्यावर राहिलं की अंगाला सोसतं. त्याने पायाचा अंगठा बुडवून पाहिला, मान हलवली, थोड्या वेळाने पुन्हा बुडवला. या कामातलं त्याचं मोजमाप एवढंच, आणि सगळ्यांनी ते मानलं.

मग आम्ही बायकांच्या बाजूला गेलो. सासूबाई वरच्या पायरीवर बसल्या. शहापूरकडच्या एक आजी आधीपासून तिथे होत्या. त्यांनी तांब्या पुढे केला. "आधी पायावर घ्या, मग मांडीवर, मग खांद्यावर. डोक्यावर शेवटी." तीन-चार तांबे झाले की एक पायरी खाली. पोटऱ्या लाल होतात, टाचांच्या भेगा चुरचुरतात आणि मग गुडघ्यांत काहीतरी सैल पडत जातं. सासूबाईंनी डोळे मिटले. आजी त्यांच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवून होत्या. कपाळावर घाम दिसताच म्हणाल्या, "बस झालं. वर या, वारा घ्या, मग पुन्हा."

पाण्यात उतरण्याच्या या रीतीवरून मागे वाचलेलं एक गाव आठवलं. जपानच्या नागानो प्रांतात नोझावा ओन्सेन नावाचं डोंगरातलं गाव आहे. हिवाळ्यात बर्फावर स्कीइंग करायला लोक तिथे येतात आणि पारंपरिक सरायांत उतरतात. गावात १३ सार्वजनिक स्नानघरं आहेत, सगळ्यांना मोकळी. ती राखण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्या त्या वस्तीतली घरं वाटून घेतात. पाण्यात उतरण्याआधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचं, साबण आत न्यायचा नाही, छोटा पंचासुद्धा पाण्याला लावायचा नाही, हा तिथला नियम. तिथल्या एका कुंडाचं पाणी जवळपास ९० अंशांचं असतं. त्यात गावकरी भाज्या उकडतात, बाहेरच्यांना तिथे मज्जाव आहे.

ते वाचलं तेव्हा मला आमची विहीर आठवली होती. पिण्याच्या विहिरीच्या काठावर कोणी साबण लावायला बसलं तर टोकावड्यातली कुठलीही बाई त्याला तिथल्या तिथे उठवेल. कुंडावर आली की हीच माणसं पाण्यात उभं राहून डोक्याला शाम्पू लावतात. देवीचं पाणी सगळं धुऊन नेतं, अशी श्रद्धा असते. मी त्या श्रद्धेला नावं ठेवणार नाही. पण धुतलेलं सगळं तळाशी बसतं आणि पहाटे अंधारात ते दोन माणसं टोपलीने उपसतात, हे पाहिल्यावर गप्प बसवत नाही. कुंडाबाहेर चार नळ, खाली फरशी, साबणासाठी वेगळा निचरा आणि बायकांना कपडे बदलायला आडोशाची धड खोली, एवढं तरी व्हायला हवं. ओलं लुगडं अंगावर धरून दुसरं नेसण्याची कसरत सत्तरीच्या बाईने का करावी? आणि उपसणाऱ्यांना गमबूट, हातमोजे आणि ठरलेला पगार हवा. यात्रेकरूंच्या दक्षिणेवर हे काम चालावं, हे मला पटत नाही.

आम्ही कपडे पिळत होतो तोवर एसटीने नवी माणसं आली. एक तरुण मुलगी पैंजणांसकट धावत पायऱ्या उतरू लागली. सासूबाई पाठमोऱ्या होत्या, तरी पैंजणांच्या आवाजाने वळल्या आणि त्यांनी तिचा दंड धरला.

"थांब गं. पैंजण काढ आधी. आणि हा तांब्या घे, पायावर ओत."