रेसचा अभ्यास – भाग ९ : दोन किलोंचा प्रश्न

या आठवड्यात टनाला आणि जॅकपॉट हे पैजांचे प्रकार समजावून सांगेन, असं मी कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतो. रोह्याहून एक पत्र आलंय आणि आठ दिवस माझं डोकं त्यातच अडकलंय.

पत्र लिहिणाऱ्या काकांचं सगळं आयुष्य भातगिरणीत गेलं. रेसकोर्सवर ते कधी गेले नाहीत, पण लेखमाला पहिल्या भागापासून वाचतायत. ते लिहितात, ‘घोडा पाचशे किलोंचा. त्याच्या पाठीवर चोपन्नऐवजी छप्पन्न किलो ठेवले, तर त्याला कळणार तरी आहे का? तुम्ही मात्र प्रत्येक लेखात वजनाचाच धोशा लावता.’

पत्राला पत्रानं उत्तर देता आलं असतं. पण पेण ते रोहा अंतर ते किती! कासू, नागोठणे, निडी की रोहा आलंच. शिवाय दिवस वालाच्या शेंगांचे. म्हणून मीच गेलो. काकांनी वाडीत पोपटी लावली होती. भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास सुटला होता, मडक्याभोवती जाळ धडधडत होता आणि मडकं उघडायला अजून अर्धा तास होता. मी काकांनाच विचारलं, “गिरणीत पन्नास किलोंची गोणी उचलायचात. एखादी बावन्नची आली तर कळायचं?”

काका म्हणाले, “सकाळी पहिल्या खेपेला नाही कळायचं. दुपारी चाळिसाव्या खेपेला मात्र बरोबर कळायचं.”

मला जे सांगायचं होतं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. गेटमधून सुटताना घोड्याला दोन किलो जाणवत नाहीत. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये, छाती भरून आल्यावर, ते जाणवतात. आणि रेस तिथेच जिंकली किंवा हरली जाते.

काका हिशेबी माणूस. त्यांना आकडे हवे होते, म्हणून राखेत काडीनं मांडून दाखवलं. घोडा साधारण ४८५ किलोंचा आणि पाठीवर जॉकी-खोगीर मिळून ५५ किलो, म्हणजे एकूण ओझं ५४० किलो. त्यात दोन किलोंची भर म्हणजे हजारात पावणेचारचा फरक. वेग तेवढ्याच प्रमाणात घटतो असं धरा. मग १६०० मीटरच्या रेसमध्ये तो घोडा सुमारे सहा मीटर मागे पडेल. घोड्याची एक लेंथ म्हणजे सुमारे २.४ मीटर. म्हणजे अडीच लेंथचा फटका!

आता जुन्या रेसवाल्यांचा ढोबळ नियम पाहा. १००० मीटरला एक लेंथ भरायला साधारण दीड किलोहून थोडं कमी वजन लागतं, १६०० मीटरला एक किलोच्या आसपास आणि २४०० मीटरला अर्धा किलो. म्हणजे तेच दोन किलो १००० मीटरला दीड लेंथ खातात, १६०० ला दोन-सव्वादोन आणि २४०० ला चार. आमचं राखेतलं गणित २४०० मीटरला पावणेचार लेंथ सांगत होतं. पिढ्यान् पिढ्या रेस पाहून बसवलेला नियम आणि भाताच्या गोणीवरून काढलेला हिशेब एकमेकांच्या इतके जवळ आले, हे पाहून मला जो आनंद झाला तो लिहून सांगता येणार नाही.

काकांचं समाधान अजून झालं नव्हतं. तरुणपणी ते मुरूडकडे पुळणीवरच्या बैलगाडीच्या शर्यतींना जायचे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं या शर्यती बंद केल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली, तेव्हा ते नातवाला घेऊन पहिल्यांदा तिथेच गेले. “आमच्याकडे कुणी वजनं वाटत नाही,” ते म्हणाले. “जी जोडी चांगली ती जिंकते.”

“आणि गाडीवान कसा निवडता?”

“अंगानं हलका आणि काळजाचा घट्ट,” म्हणता म्हणता काका थांबले आणि हसले. बैलजोडीपुढे पाच-दहा किलो ते काय, पण हलका गाडीवान शोधायची अक्कल आपल्याकडे आधीपासूनच होती.

फरक एकच. किनाऱ्यावर गाडीवान हलका शोधणं हा मालकाचा हक्क. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर तो हक्क वजनं ठरवणाऱ्या हँडिकॅपरनं काढून घेतलाय. जॉकी खोगिरासकट काट्यावर उभा राहतो. वजन कमी भरलं तर शिशाच्या पट्ट्या घालून ते पुरं केलं जातं, आणि रेस संपल्यावर त्याला पुन्हा काट्यावर यावं लागतं. कुठल्या घोड्यानं किती वाहायचं, ते त्याच्या रेटिंगवरून ठरतं. रेटिंगचा एक गुण म्हणजे अर्धा किलो. घोडा जिंकला की गुण वाढतात, हरत राहिला की उतरतात. १८५५ साली इंग्लंडात सार्वजनिक हँडिकॅपर झालेल्या अ‍ॅडमिरल राउस यांनी या विद्येला शिस्त लावली. सगळे घोडे एका रांगेत खांबाशी पोचावेत, हे हँडिकॅपरचं स्वप्न.

नवा वाचक रेसचं कार्ड हाती घेतो आणि सर्वांत चांगला घोडा शोधतो. तो सापडतोही, कारण बहुतेक वेळा सर्वांत जास्त वजन त्याच्याच नावापुढे असतं. पण त्या वजनात त्याच्या चांगुलपणाची किंमत आधीच वसूल झालेली असते. म्हणून मी कार्ड वाचतो ते हँडिकॅपरचा हिशेब तपासायला. त्यानं कुणाला थोडं जास्त लादलंय आणि कुणाला थोडं कमी, एवढाच माझा शोध.

एक उदाहरण घेऊ. नावं मुद्दाम देत नाही. १६०० मीटरची रेस. मागच्या वेळी ‘अ’ ५२ किलो घेऊन धावला आणि ५४ किलोंच्या ‘ब’ला त्यानं दोन लेंथनं हरवलं. या जयाबद्दल ‘अ’चं रेटिंग सात गुणांनी वाढलं, ‘ब’चं तेवढंच राहिलं. आता दोघे पुन्हा समोरासमोर आलेत. ‘अ’वर ५५.५, ‘ब’वर ५४. म्हणजे ‘अ’ला साडेतीन किलो वाढले. एक किलोला एक लेंथ धरली तर दोन लेंथची आघाडी पुसली जाऊन कागदावर ‘ब’ दीड लेंथनं पुढे निघतो.

इथे पेन्सिल खाली ठेवायची आणि मागची रेस आठवायची. ‘अ’ कसा जिंकला होता? चाबूक खाऊन, मान ताणून दोन लेंथ, की जॉकीनं शंभर मीटर आधीच लगाम आवरला होता? हातात जिंकलेल्या घोड्याचं खरं अंतर निकालाच्या कागदावर उमटत नाही. तो तीन वर्षांचा असेल तर दोन महिन्यांत अंगानं भरलेलाही असेल. त्याच्यावर या वेळी अ‍ॅप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ, जॉकी बसणार असेल, तर त्या पोराला मिळणारी वजनाची सूट वाढलेला भार थोडा उतरवते. या सवलतीकडे माझं आधी दुर्लक्ष व्हायचं. आता मी कार्डातला तो बारीक आकडा सर्वांत आधी वाचतो.

वजनाचा नियम सगळीकडे लावू नका. क्लासिक रेस हँडिकॅप नसतात. महिन्यावर आलेल्या इंडियन डर्बीत रेटिंग बघून ओझं वाढवत नाहीत. सगळ्या नरांवर सारखं वजन आणि माद्यांना थोडी सवलत. तिथे २४०० मीटरला सरस तोच पुढे येतो. १९४३ सालची पहिलीच डर्बी प्रिन्सेस ब्युटिफुल या मादीनं जिंकली आणि २०१० साली जॅकलिननं नरांना मागे टाकलं. डर्बीच्या दिवशी किनाऱ्यावरचा न्याय चालतो, हे काकांना फार आवडलं.

कुणी विचारतं, एवढं करून शेवटी नशीबच ना? १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं घोड्यांच्या शर्यतीत कौशल्याचा भाग मोठा आहे, असा निर्वाळा दिला. मला ते रोज पहाटे वही उघडताना पटतं. पैसे लावा असं मी कधी म्हणत नाही आणि म्हणणारही नाही. पण आठ-दहा घोड्यांची मागची वजनं आणि आजची वजनं शेजारी मांडली, की न पाहिलेली रेस डोळ्यांपुढे धावू लागते. हे सुख फुकट मिळतं.

तर गृहपाठ. येत्या रविवारच्या कार्डातली एकच हँडिकॅप रेस निवडा. प्रत्येक घोड्यापुढे तीन आकडे लिहा: मागच्या वेळचं वजन, आजचं वजन आणि मागच्या वेळी किती लेंथनं हरला किंवा जिंकला. घराण्याकडे, भावाकडे, टिपांकडे बघू नका. एका ओळीत तुमचा घोडा लिहा आणि कार्ड झाकून ठेवा.

पोपटीचं मडकं फोडलं तेव्हा काकांनी माझ्या पानात शेंगा वाढल्या आणि राखेतलं गणित पुसू दिलं नाही. निघताना म्हणाले, “१००० मीटरच्या रेसमध्ये शेवटच्या खेपेचा थकवा कमी, म्हणून तिथे जास्त वजनवाल्याला एवढं घाबरायला नको ना?” नियम त्यांनी स्वतःच्या खांद्यावरून पुढे नेला होता. त्या छोट्या रेसमध्ये गेटचा नंबर काय करतो, ते पुढच्या भागात. टनाला त्याच्यानंतर.