खताच्या बादलीत खरी उणीव असते सुक्या पाल्याची

'ओला कचरा घरात साठवला की वास सुटणारच.' या एका समजापायी कितीतरी घरांत खताची बादली सुरूच होत नाही. खरं तर कचरा कुजतो म्हणून वास येत नाही, त्याला हवा मिळत नाही म्हणून येतो. भाजीची देठं, फळांच्या साली यांत पाणी भरपूर. त्या एकमेकींवर दबल्या की मधली हवा निघून जाते, हवेविना जगणारे जिवाणू वाढतात आणि सडक्या अंड्यासारखा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला, तर नत्र जास्त झालंय असं समजावं. दोन्हींवर उपाय एकच: सुका पाला घाला आणि खालीवर करा. जिवाणूंना एक भाग नत्रामागे साधारण २५ ते ३० भाग कर्ब लागतो. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात तेवढा कर्ब नसतो, तो वाळक्या पाल्यात असतो. म्हणून वाटीभर चिरलेल्या कचऱ्यावर दोन वाट्या चुरलेला पाला, रोज. मूठभर मिश्रण पिळल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर आणखी पाला हवा.

'त्यासाठी महागडा डबा लागतो' हेही खरं नाही. रंगाची रिकामी २० लिटरची बादली धुऊन घ्या. बाजूंना आणि तळाला पेन्सिल जाईल एवढी भोकं पाडा, तळाशी नारळाच्या शेंड्यांचा थर द्या, बादली दोन विटांवर ठेवून खाली ताटली सरकवा. झाकण हवंच, आणि पावसाचा मारा नको. लहान कुटुंबाला अशा तीन बादल्या पुरतात. एक भरत असताना बाकीच्या मुरतात. भरलेली बादली दोन-तीन महिने अधूनमधून ढवळत राहिलं की काळसर, भुसभुशीत, मातीचा वास असलेलं खत मिळतं.

अनेकजण प्रत्येक थरावर माती टाकतात. तिने बादली जड होते आणि हवेच्या वाटा बुजतात. गांडुळंही लागत नाहीत, गांडूळखत ही वेगळी पद्धत आहे. विरजण म्हणून मूठभर जुनं खत पुरे.

अळ्या दिसल्या की लोक घाबरून सगळं फेकून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात. ही माशी चावत नाही आणि तिच्या अळ्या कचरा झपाट्याने संपवतात. फार झाल्या तर ओल वाढली आहे, एवढंच.

लिंबू-संत्र्याच्या साली बारीक करून चालतात. मासळी-मटणाचे अवशेष मात्र उंदरांना बोलावतात.

'बादलीत काहीही कुजतं' हा उलट बाजूचा गैरसमज. ५५ अंशांवरची उष्णता टिकायला साधारण घनमीटरभर ढीग लागतो. छोट्या बादलीत ती मिळत नाही, म्हणून बी धरलेलं तण, रोगट झाडं आणि 'कंपोस्टेबल' छापलेल्या पिशव्या तिच्यात टाकू नयेत.

आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते आणि सोसायट्यांच्या आवारात तोच पाला पेटवला जातो. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये बंदी घातली, किमान ५,००० रुपयांचा दंडही ठेवला. यंदा झाडणाऱ्यांना सांगून दोन-तीन पोती पाला कोरड्या जागी भरून ठेवा. पावसाळ्यात तो कुठेच मिळत नाही, आणि बादलीला त्याची गरज तेव्हाच सर्वांत जास्त असते.