सॉफ्टवेअरचे बिऱ्हाड कोठे?

पावसच्या एखाद्या बागायतदाराने आंब्याच्या पेटीवरील मराठी मजकूर वीस वर्षांपूर्वी संगणकावर तयार करून ठेवला आहे, असे समजा. पुढे संगणक 'फॉरमॅट' करावा लागला. मजकुराची फाइल 'डी' ड्राइव्हवर असल्याने शाबूत राहिली. पण उघडून पाहावे तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी! फाइल बिघडलेली नसते, तिचा फाँट नाहीसा झालेला असतो. युनिकोडपूर्व फाँटमध्ये देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्याच क्रमांकांवर बसविलेली असत. फाँट गेला, की वाचण्याची किल्लीच जाते.

हा फाँट राहात होता कोठे? विंडोजमध्ये वरून घातलेले सॉफ्टवेअर सहसा 'सी' ड्राइव्हवरील 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये जाते. ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांच्या प्रोग्रामसाठी शेजारीच दुसरे फोल्डर असते. फाँट मात्र थेट विंडोजच्या स्वतःच्या घरात, 'फाँट्स' फोल्डरमध्ये बसतो. साहजिकच 'सी' पुसला, की तोही पुसला जातो. २०१८ पासून विंडोज १० मध्ये यातही बदल झाला. साधे 'इन्स्टॉल' म्हटल्यास फाँट केवळ त्या वापरकर्त्याच्या 'अ‍ॅपडेटा' फोल्डरमध्ये जातो. त्यामुळे एकाच संगणकावर मुलाच्या खात्यात दिसणारा फाँट वडिलांच्या खात्यात दिसत नाही, आणि दोष विनाकारण फाँटला लागतो.

लिनक्सची रीत निराळी. १९९४ पासून तेथे फोल्डरांच्या मांडणीचे लेखी संकेत आहेत. प्रणालीच्या भांडारातून आलेले पॅकेज 'यूएसआर'मध्ये विखरून बसते, स्वतः बांधलेले 'यूएसआर/लोकल'मध्ये, तर बाहेरच्या कंपनीचा स्वयंपूर्ण संच 'ऑप्ट'मध्ये. रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त केलेले 'लोहित' फाँट असेच पॅकेजरूपाने येतात. कोणती फाइल कोठे ठेवली, याची नोंद प्रणालीकडे राहते. फ्रीबीएसडीची शिस्त तर कोकणातल्या घरासारखी आहे. पाहुण्यांची वळकटी पडवीत, म्हणजे 'यूएसआर/लोकल'मध्येच, माजघरात नाही.

तेव्हा जुना संगणक पुसण्यापूर्वी 'माय डॉक्युमेंट्स' तेवढे उचलून भागत नाही. 'फाँट्स' फोल्डर आणि प्रत्येक खात्यातील फाँट यांचीही प्रत बाजूला काढावी. फाँटचे नाव ठाऊक असेल, तर जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणेही सोपे जाते.